रॉडभर उजेड

कापणी तोंडावर आली की मिस्त्रीच्या दुकानापुढे पाय ठेवायला जागा उरत नसे. ट्रॉलीचा आस तडकलाय, नांगराचा फाळ निखळलाय, हे वर्षभर कुणाला दिसत नाही. नेमकं त्याच आठवड्यात दिसतं, आणि मग ज्याला त्याला आपलंच काम आधी हवं असतं. त्या साली पीक लवकर तयार झालं, त्यामुळे घाई दुप्पट. माणसं दुकानाच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसायची, चहा मागायची आणि मिस्त्रीच्या हातांकडे बघत राहायची.

हातांकडेच बघायची, कारण बाकी काही उघडं नसायचंच. अंगाची लाही होत असतानाही मिस्त्रीच्या सदऱ्याची बटणं वरपर्यंत बंद. ठिणग्या उडतात म्हणून, असं तो सांगायचा आणि ऐकणाऱ्याला ते पटायचंही. पण सदऱ्याच्या आत त्याची पाठ, पोट आणि मांड्या लाल चट्ट्यांनी भरून गेल्या होत्या. चट्ट्यांवर पांढरे चकचकीत पापुद्रे धरत, खाजवले की गळत, आणि गळले की खाली रक्ताचे बारीक ठिपके येत. ठिणगीचं त्याला भय होतं खरं, पण निराळं. इतरांना ठिणगी लागली की फोड येतो आणि जातो. मिस्त्रीला सदऱ्याआड जिथे लागेल तिथे काही दिवसांनी नवा चट्टा उगवायचा.

सकाळी आळी जागी व्हायच्या आत त्याची बायको अंथरूण परसात नेऊन झटकायची. तेवढा वेळ मिस्त्री दुकानात जाऊन पुसलेलीच हत्यारं पुन्हा पुसायचा. लाज दोघांनाही वाटायची, पण ती आपसांत वाटून घेणं दोघांनाही जमलं नव्हतं. बाहेर कितीही झाकलं तरी कुठेतरी उघडं पडायचंच. एकदा मिस्त्री बाकावरून उठला आणि ट्रॅक्टरवाल्याने त्या जागी बसण्याआधी खांद्यावरच्या फडक्याने बाक झटकला. वाईट हेतूने नाही, सहज झटकला. त्यानंतर मिस्त्री दुकानात कधी बसला नाही, दिवसभर उभाच.

हे दुखणं घरात नवं नव्हतं. त्याचा बाप लोहार होता आणि बापालाही हेच होतं. दुकानामागे पत्र्याची एक खोली होती. मिस्त्री शाळेत जायच्या वयाचा असताना बाप त्या खोलीत गेला तो पुन्हा माणसांत आला नाही. लोखंडी दार बंद, जेवणाचं ताट खिडकीच्या गजांतून आत. शेवटच्या उन्हाळ्यात कुणा भोंदूने दिलेलं भस्म खाऊन बापाचं सगळं अंग, तिळभर जागा न सोडता, तांबडंलाल झालं. भर दुपारी, बाहेर पत्रा तापून तडतडत असताना, तो गोधडी पांघरून कुडकुडत असायचा. तसाच गेला. गाव म्हणालं, बाईने नवऱ्याला कोंडून मारला. आईने त्यावर कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. मिस्त्रीने गावाचं धरलं. आईला दुखेल असं तो कधी बोलला नाही, तिला काही कमी पडू दिलं नाही, पण तिच्याशी बोलताना त्याची नजर भिंतीकडे असायची. म्हातारीलाही त्याची सवय झाली होती.

बाप जाऊन इतकी वर्षं झाली, पण हल्ली मिस्त्रीला तो ऐकू यायला लागला होता. खाजवण्याचा आवाज, खर्र, खर्र. कानस घासून थांबवली की मागच्या खोलीकडून एकदोन घासे जास्तीचे ऐकू यायचे. पहिल्यांदा त्याने धाकट्या भावाला बघायला पाठवलं. धाकटा खिडकीतून डोकावून आला आणि म्हणाला, भंगाराखाली उंदीर झालेत, बाकी कुणी नाही. मग मिस्त्रीने मनाची समजूत घातली की आपलीच नखं आपल्या नकळत चालतात. पण दोन्ही हातांत वेल्डिंगचा होल्डर धरलेला असतानाही तो आवाज यायचा. त्याला मरणाची भीती नव्हती. त्या खोलीची होती. आज ना उद्या आपण तिथेच जाणार, हे त्याच्या मनाने घेतलं होतं.

उपाय झाले नव्हते असं नाही. डांबराच्या वासाचं काळं मलम झालं, त्याने चादरी कायमच्या डागाळल्या. आंबट सोडलं, तिखट सोडलं, मग चहासुद्धा सोडून बघितला, त्याने फक्त स्वभाव बिघडला. बाजारातल्या एका दुकानदाराने दिलेल्या मलमाने आठ दिवसांत अंग स्वच्छ केलं आणि बंद केल्यावर होतं त्याच्या दुप्पट परत आणलं. शेवटी बायकोने त्याला जवळजवळ ओढतच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि तिने हातात मोजे न घालता त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. मिस्त्रीला तेवढ्यानेच भडभडून आलं. ती म्हणाली, याला सोरायसिस म्हणतात. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घराण्यात असू शकतं. मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही, पण मुठीत ठेवता येतं. मग तिने उजेडाचा इलाज लिहून दिला.

उजेडाचा इलाज म्हणजे एक उभं कपाट होतं. आत चहूबाजूंनी नळ्या, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर लाज झाकण्यापुरतं कापड. दार लागलं, पंखा घुमला, निळसर उजेड पडला आणि मिस्त्री नीट उभा राहतोय तोवर विझलाही. एवढ्यासाठी आपण अख्खा दिवस बुडवला, असं तो बाहेर येऊन बायकोला म्हणाला. कपाट सांभाळणारी बाई हसली. म्हणाली, दर खेपेला थोडा थोडा वाढवत न्यायचा, एकदम घेतला तर चामडी सोलून निघेल. आठवड्यातून तीनदा यायचं आणि खाडा करायचा नाही.

तो गेला. बसने जायचा, बसने यायचा. आणि काही आठवड्यांनी एका सकाळी बायको अंथरूण घेऊन परसात गेली आणि तशीच परत आली. झटकण्यासारखं फारसं काही नव्हतंच. त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मिस्त्रीच्या कानांवर ते पडलं. मागच्या खोलीतला आवाजही विरळ झाला होता. त्याने वरचं एक बटण उघडं ठेवायला सुरुवात केली.

आणि नेमकी कापणी आली. धाकटा कामाला चांगला होता पण एकट्याच्या आवाक्यातलं ते नव्हतं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मिस्त्री, तुम्ही शहराच्या फेऱ्या मारा, मी काम दुसरीकडे नेतो. दुसराही तेच म्हणाला. हंगामातलं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की परत येत नाही, हे काय मिस्त्रीला सांगायला हवं? एक खेप चुकली, मग आठवडाच चुकला, मग चुकतच गेलं. चट्टे पुन्हा जाड झाले. कानस थांबली की घासे ऐकू यायला लागले. बटण पुन्हा बंद झालं.

तेव्हा त्याला कपाटवाल्या बाईचं एक बोलणं आठवलं. त्याचा धंदा कळल्यावर ती म्हणाली होती, तुम्हाला चष्म्याचं महत्त्व सांगायला नको, तुमच्या वेल्डिंगच्या उजेडातही असलेच किरण असतात. मिस्त्रीने आपले हात बघितले. कोपरापर्यंत बाह्या दुमडून जन्मभर काम केलं होतं. हातांवर एक चट्टा नव्हता. गळ्याच्या उघड्या भागावर नव्हता. जिथे सदरा होता तिथेच सगळं होतं. एवढा ढळढळीत पुरावा अंगावर घेऊन आपण बसचे धक्के खात होतो, याचं त्याला हसू आलं.

धाकट्याला त्याने दुपारच्या निवांत वेळी सांगितलं. मी पाठ उघडी करून तुझ्यापुढे बसतो, तू आपलं वेल्डिंग करत राहा. धाकट्याने वेल्डिंगची काच कपाळावर सरकवली.

"दादा, त्या बाईंनी डोळे झाकायला सांगितले होते. पाठ भाजून घ्यायला नाही."

"त्या थोडा थोडा वाढवतात. आपणही वाढवू. आज वेल्डिंगचा एक रॉड जळेपर्यंत. परवा दीड."

"आणि मोजणार कोण?"

"रॉड मोजायला तुला शाळेत घालू का?" मिस्त्री म्हणाला.

त्याने दुकानाचा एक कोपरा पोत्यांनी आडोसा करून घेतला. बायकोला सांगितलं, उडती धूळ नको म्हणून. पहिल्या दिवशी रॉडभर उजेड घेतला. संध्याकाळी पाठ जराशी गुलाबी झाली, तशी ती कपाटातूनही व्हायचीच. मग दीड, मग दोन. चट्टे खरंच कोरडे पडतायत असं त्याला वाटलं. हिशेब बरोबर बसत होता, हंगामही हातचा जात नव्हता. बायकोशी तो चक्क थट्टा करायला लागला.

मग मळणी यंत्राचा सांगाडा आला. मोठं काम, जागोजागी तडे गेलेलं. यंत्राचा मालक बाहेर येरझाऱ्या घालत होता. मिस्त्री आडोशात भिंतीकडे तोंड करून बसला आणि धाकटा त्याच्या पाठीमागे कामाला लागला. पहिला रॉड संपला, दुसरा संपला. उठायला हवं होतं. पण मिस्त्रीची खाज थांबली होती. अंगातली, रात्रंदिवसाची, झोपेतही न सुटणारी खाज त्या उबेत पार विरघळून गेली होती. अशी शांतता त्याने कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. अजून थोडा वेळ, असं त्याने ठरवलं आणि भिंतीला कपाळ टेकलं. भिंतीवर त्याची स्वतःची सावली थरथरत होती. बघता बघता त्याला ती बापाची वाटली, वाकलेली, खांद्यावर गोधडी घेतलेली. तरी तो उठला नाही. धाकटा मान मोडून जोड भरत राहिला आणि पुढे कोण बसलंय हे विसरून गेला. भान आलं तेव्हा जळक्या रॉडच्या थोटकांचा त्याच्या पायाशी ढीग पडला होता.

त्या संध्याकाळी मिस्त्रीला सदरा अंगावर घेववेना. दुसऱ्या दिवशी पाठीवर फोड आले. त्यानंतर लाली पाठीवरून खांद्यांवर, पोटावर, मांड्यांवर, पार घोट्यांपर्यंत उतरली. चट्टे वेगळे दिसेनात, सगळं अंगच एक चट्टा झालं. धाकटा रडकुंडीला आला, आपण दवाखान्यात जाऊ म्हणाला. बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली की उद्या सकाळी निघायचं, दुकान गेलं खड्ड्यात. मिस्त्री बरं म्हणाला.

पण सकाळी त्याला हुडहुडी भरली. ऊन चढलं तरी दात वाजायचे थांबेनात. बायको गाडीची सोय बघायला धाकट्याला घेऊन बाहेर पडली होती. मिस्त्री चादर ओढून बसला होता, तेव्हा त्याची लहानगी पोर दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून तिने विचारलं, "बाबा, एवढं ऊन आहे आणि तुम्हाला थंडी कशी वाजते?"

हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मिस्त्रीने लहानपणी गजांतून आत बापाला विचारला होता. बापाने तेव्हा गोधडी तोंडावर ओढून घेतली होती, आणि ते तोंड त्याला अजून विसरता आलं नव्हतं. आता आपलं तोंड ही पोर जन्मभर घेऊन फिरणार. त्याने तिला आजीकडे पाठवलं, चादर सावरली, परसातून मागच्या खोलीकडे गेला आणि आत शिरला.

भंगार भिंतीला लागून पडलं होतं. मधे एक माणूस निजेल एवढी जागा मोकळी होती, जशी काही कुणी राखून ठेवली होती. मिस्त्रीने दार लोटलं आणि आतून कडी चढवली. जाड, घडीव कडी होती, बापाच्या हातची. ठोक्यांची वळणं त्याने ओळखली. इतक्या वर्षांत तो या दाराला हात लावायला आला नव्हता. आता हात लागला तसा तो सवयीने लोखंड चाचपू लागला. कडी आत होती. बाहेरच्या कडीचे खिळे पत्र्यातून आरपार आलेले दिसायला हवेत, ते कुठेच नव्हते. भोक नव्हतं, भोक बुजवल्याचा डागही नव्हता. लोखंडाच्या बाबतीत मिस्त्रीची नजर चुकत नसे. त्या दाराला बाहेरून कडी कधी नव्हतीच. बापाने दार स्वतः घडवलं होतं, आणि आतून लावण्यासाठीच घडवलं होतं.

तो खाली बसला. खोलीत कुठलाही आवाज नव्हता, फक्त त्याचे दात वाजत होते.

थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली. पोरीने सांगितलं असणार. म्हातारी दाराशी आली, दार ढकलून बघितलं आणि काय ते समजली. जमिनीला टेकत टेकत ती बाहेर बसल्याचं त्याला कळलं.

"उघड," ती म्हणाली.

मिस्त्रीने आतून विचारलं, "तू का नाही सांगितलंस? लोक तुला काय काय बोलले. मीसुद्धा."

"तू मनातल्या मनात बोलायचास. मला ऐकू यायचं."

"मग का नाही सांगितलंस, आई?"

"काय सांगू? तुमचा बाप आपणहून आत गेला, त्याला तुमच्यात राहायचं नव्हतं, असं सांगू? तुम्ही दोघं लहान होतात. आईने कोंडलं म्हटलं की निदान बाप तुमचाच राहत होता."

मिस्त्रीने तोंडावर चादर दाबून धरली. तो रडला, आणि पाण्याचे थेंब गालावर उतरले तिथे आग आग झाली. तरीही त्याचा हात कडीकडे गेला नाही. पोरीचे डोळे बाहेर आहेत, एवढंच त्याला दिसत होतं. बायको आणि धाकटा परत आले. बायकोने आधी विनवलं, मग शिव्या घातल्या, मग पोरीची शपथ घातली. तो म्हणाला, तुम्ही जा, मला बरं वाटलं की मी येईन. बायकोची पावलं दुकानाकडे गेली.

ती परत आली तेव्हा तिच्यामागून वायर फरफटत येत होती. तिच्या हातातला लोखंड कापायचा कटर सुरू झाला. धाकटा ओरडला, वहिनी, दे मला, तर ती म्हणाली, तू बाजूला हो, तू तुझ्या भावाचं ऐकशील. चाक बिजागरीला भिडलं आणि लोखंड किंचाळलं. फटीतून ठिणग्यांची धार आत पडली.

बायकोने जन्मात कटर हातात धरला नव्हता. मिस्त्रीने आवाजावरूनच ओळखलं, चाक तिरकं लागतंय, दाताखाली खडा यावा तसं अडखळतंय. असं धरलं की चाक फुटतं. फुटलं की तोंडावर येतं. तो उठून उभा राहिला.

"सरळ धर!" तो आतून ओरडला. "डोळ्यांवर चष्मा आहे का?"

"नाही!" ती ओरडली आणि चाक पुन्हा लावलं.

मिस्त्रीने कडी काढली. दार ओढलं, चादर खांद्यावरून गळून पडली तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही. तो तसाच लालभडक, उघडा, उन्हात आला आणि त्याने तिच्या हातावरून हात नेऊन यंत्राचं बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं. बायकोच्या केसांत लोखंडाची पूड होती. आजीच्या पाठीमागून पोर त्याच्याकडे बघत होती. त्याने तोंड लपवलं नाही. बायकोने चादर उचलून हलकेच त्याच्या अंगावर घातली.

म्हातारी अजून जमिनीवरच बसलेली होती. त्याच्या तोंडाकडे बघून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मीसुद्धा बडवलं होतं रे दार. हात सोलून निघेपर्यंत बडवलं. तो आतून म्हणाला, तुझे हात दुखतील, जा तू. एवढी माया होती त्याला. पण उघडलं नाही त्याने."

धाकटा गाडी दाराशी आणायला पळाला. मिस्त्री आईकडे बघत उभा होता, सरळ तिच्या डोळ्यांत. तिने त्याच्या पाठीकडे हात नेला आणि मधेच थांबवला.

"पाठीला नको, आई," तो म्हणाला. "पेटल्यासारखी झालीय."

"मग हात दे," ती म्हणाली. त्याने हात पुढे केला आणि तो धरून म्हातारी उठली.